अब्बांची बंदूक

उदगीर, मंगळवार, संध्याकाळ

अब्बांच्या बंदुकीचं आज संपलं. मी सही करून आले.

अब्बा पलीकडे कर्नाटकात बँकेचे चौकीदार होते. बंदूक त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची. ते गेल्यावर ती तिथल्याच ठाण्यात जमा झाली. वारस मी एकटी, मला ती इथं माझ्या घरी हवी होती. इकडचे साहेब म्हणाले, आधी तिकडचा ना-हरकत दाखला आणा. तिकडचे म्हणाले, आधी इकडचा परवाना दाखवा, त्याशिवाय बंदूक राज्याबाहेर सोडता येत नाही. दीड वर्ष मी या दोन टेबलांमधी फिरून राहिले.

आज तिकडच्या ठाण्यात हवालदारांनी ती शेवटची दाखवली. लाकडी दस्त्याला तडा गेला म्हणून अब्बांनी सुतळी गुंडाळली होती, ती तशीच होती.

"बंदूक सोडवायची मुदत खतम झाली, अम्मा. आता सरकारजमा होणार."

"सुतळी तेवढी काढून घेऊ का?"

"पंचनाम्यात लिहिलीय ती." त्यांनाही वाईट वाटलं असावं, माझ्याकडे बघितलं नाही.

मी बंदुकीसाठी भांडत होते का? मला तर ती धरताही येत नाही. सुट्टीच्या दिवशी अब्बा ती तेल लावून पुसत बसायचे आणि मी शेजारी बसायचे. तेवढंच आमचं बोलणं. सुतळीला अजून त्यांच्या तेलाचा वास असेल.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "संपलं ना एकदाचं?"

"हाव," म्हटलं.

अब्बा गेले तेव्हा कागदांच्या धावपळीत रडायचं राहून गेलं. आज सवड होती, पण रडू आलंच नाही.