कूलरचा जुना पंप

अकोला, रविवार संध्याकाळ

१. आईने कूलरच्या जुन्या पंपाला टायमर जोडून झेंडूच्या रोपांना आपोआप पाणी जाईल अशी सोय केली.
२. मदतीला शेजारची सातवीतली गुड्डी होती.
३. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर मी. मला हे आज अमरावतीहून घरी आल्यावर कळलं.

टायमर वीस मिनिटं मागे आहे. मी हात मागे बांधून घेतले. पंप सुरू झाला तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्यासोबत अशी कधी हसली होती?

शेवटी विचारलंच, "मले काहून नाई विचारलं?"

आई म्हणाली, "तुले विचारलं का तू हातातून पेचकसच घेतं. मंग मी चहा मांडाले जातो."

गुड्डी म्हणाली, "मले तं काकू पेचकसाले हातच लावू देत नाई!"

आणि दोघी पुन्हा हसल्या.

खरं आहे, मी स्क्रूड्रायव्हर हातातून घेते. चुकीचं जोडलेलं मला बघवत नाही. पण सातवीतल्या मुलीचा हेवा? हो, तोच आहे.

सकाळी निघताना चिठ्ठी ठेवणार आहे: आई, पुढच्या वेळी काही उघडशील तेव्हा मलाही बसू दे. मी नुसती बघेन. येऊ की नको, शुक्रवारपर्यंत कळव.