पारीवरची भेग

टोल्यावरून, ता. अर्जुनी मोरगाव
१२ मे २०२४

चि. दामिनीस मामाचा पाया पडून नमस्कार. भाचीच्या पाया पडाची आपली रीत आहे, तू पुण्याले जाऊन मातीवर शोध करून राहिली म्हून त्यातून सुटत नाही.

कानानं फोन ऐकू येत नाही, म्हून कागदच बरा. तलाव आटला. तू सांगितलं तसं गाळाच्या भेगा दर रविवारी एकाच जागी बसून वहीत काढतो. शेजारचा केशोराव विचारून राहिला, तलावाच्या पान्याचं वाटप पाहनारा मानूस उन्हात चिखलाचं चित्र कायले काढते. मी म्हटलं, भाचीचं काम आहे. तुझी मामी डोक्याले हात लावते.

एक सांग. मधात एक पाऊस आला, त्यानंतर माती पुन्हा सुकली, तं भेगायचे कोपरे बदलले. हे कोन करते?

मामीचा जीव तुझ्यात आहे, तब्येत सांभाळ.
चैतराम

पुणे, २४ मे

ती. मामास शि. सा. न.

चित्रं मिळाली. सरांनी ती टेबलावरून हलू दिली नाहीत. मामा, हे कोणीच करत नाही, त्यातच तर मजा आहे. माती सुकताना आकसते, प्रत्येक ढेकूळ शेजारच्याला ओढतं. ताण सुटायला एक लांब भेग पडते, मग दुसरी येऊन तिला काटकोनात भेटते. ओली होऊन पुन्हा पुन्हा सुकली की हळूहळू तीन-तीन भेगा सारख्या कोनात मिळतात. ना मुकादम, ना नकाशा, तरी जाळी बनते.

उन्हात टोपी घाला. तुमच्या खुशीला म्हणावं, अभ्यास कर. मामींना नमस्कार.
तुमची दामिनी

टोला, ७ जुलै

चि. दामिनीस नमस्कार.

पाऊस जोरात आहे. तलाव चारातले तीन हिस्से भरला. काल पारीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, एक भेग दिसली. बावीस पावलं लांब, धनुष्यासारखी वाकलेली, एकही फांदी नाही. खुशी फोटो धाडू म्हने, पन फोटोत वाक दिसत नाही, म्हून काढून धाडतो.

माझ्या मनानं दोन दिवस फाटक उघडून पानी उतरवावं. पन सोडलेलं पानी वाया जाईल आन् गावाचा धानाचा रोवना याच पान्यावर आहे. लोक मले खातील. पारीखालच्या धानाच्या बांधीत बायका रोवत आहेत, म्हून जीव थाऱ्यावर नाही. तू भेगायचं शिकली. तू म्हनशील तसं करतो.

लवकर लिही, वाट पाहून राहिलो.
चैतराम

पुणे, १२ जुलै

ती. मामास शि. सा. न.

घाईत लिहिते, परवा परिषदेत आपल्याच चित्रांवर बोलायचं आहे. भेग पाहिली. काय सुंदर वाक काढलात! काळजी करू नका. पहिली भेग नेहमी अशीच लांब नि एकटी असते, फांद्या मागून फुटतात. अशा शेकडो पाहिल्यात मी. पावसाने माती फुगली की मिटेल. फाटक उघडू नका, लोकांचा रोवणा बुडेल.

परिषद झाली की सविस्तर लिहीन, रागावू नका.
दामिनी

टोला, २ ऑगस्ट

दामिनीताईस खुशीचा नमस्कार.

बाबांनी शपथ घातली होती की तुला काही लिहायचं नाही. मी मोडून राहिली आहे.

२१ जुलैला दुपारी पार फुटली. खाली शामकलाकाकू आणि तिची सून भूमिका रोवत होत्या. सून त्याच दिवशी सापडली, काकू तिसऱ्या दिवशी. भूमिकाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

पाटबंधाऱ्याचे साहेब लोक पाहायला आले. उरलेल्या पारीवर भेगेचं एक टोक होतं. ते पाहून म्हणाले, माती सुकून अशी फुटत नाही, पार घसरायला लागली की अशी एकच वाकडी भेग पडते, त्याच दिवशी पाणी उतरवायला पाहिजे होतं. बाबांना ऐकू गेलं नाही, मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पाटी पुसली.

मग गावासमोर उभं राहून ते म्हणाले, "मी भेग पाहिलीच नाही." लोक म्हणतात, चैतराम झोपला होता. आमच्या दारात कोणी येत नाही. तुझं पत्र त्यांनी कोठीत धानाखाली दाबलं. मला म्हणाले, भाचीले दोष लागला तर मी कोणत्या जन्मी फेडू.

माझा तुझ्यावर राग आहे. खोटं काऊन लिहू?
खुशी

पुणे, ९ ऑगस्ट

ती. मामास शि. सा. न.

खुशीने सगळं कळवलं. तिला रागावू नका.

तुम्ही चित्र बरोबर काढलं होतं. भर पावसात, पाण्याने भिजलेल्या पारीवरची माती सुकून फुटेल कशी, एवढं तर तिसरीतलं पोरही विचारेल. मी विचारलं नाही. मला माझी जाळीच दिसत होती. तुमच्या मनाने फाटक उघडायचं होतं. ते मी बंद ठेवायला लावलं आणि दोन बायका गेल्या.

पुढच्या शुक्रवारी येते आहे. आधी शामकलाकाकूंच्या घरी जाईन, मग चावडीवर. माझं पत्र कोठीतून काढून ठेवा, ते मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. लोक मला काय बोलायचं ते बोलतील. तुम्ही मध्ये उठायचं नाही, आणि माझ्या पाया पडायचं नाही.

लोभ मागण्याचं तोंड राहिलं नाही.
दामिनी