माझं मी

कबनूर,
१८ मार्च २००२

प्रिय बाळाबाई,

नाव लिहिलं आणि पेन थांबलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘ऐकलंस का’ आणि ‘दीक्षाची आई’ एवढ्यावरच आपलं भागलं. परवा बालवाडीत पोरांना आईचं नाव सांगायला शिकवत होतो. निम्म्या पोरांच्या आईचं नाव ‘आई’च. मग एका पोरीनं मलाच विचारलं, तुमच्या मालकिणीचं नाव काय? मी सांगितलं, तर आपली मदतनीस यल्लव्वा तोंडाला पदर लावून हसत बसली. या गडबडीत जयभीम लिहायचा राहिला. जयभीम.

आकारामच्या फोन बूथवर तुझा निरोप मिळाला. दीक्षा बाळासाठी जूनपर्यंत राहा म्हणते, पण माझ्या जेवणाचे हाल होतात म्हणून तू भीमजयंतीच्या आत निघतेस. नंतर तू लाइनवर आलीस तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. माझ्या मागं माणसं नंबर लावून उभी होती आणि सगळ्यांचे कान माझ्याकडं. तू यावंस की राहावंस हे तिथं बोलता येईना, म्हणून कागद घेतला. पण आधी इथलं सांगतो, त्याशिवाय पुढचं तुला पटायचं नाही.

बालवाडीवर तुझ्या बदली मंडळाला कुणी मिळेना आणि मागाच्या कारखान्यातली दिवाणजीची नोकरी सुटून मी घरी रिकामाच, म्हणून मला तिथं बसवलं, तेव्हा तू गाडीत बसताना हसली होतीस. हसण्यासारखंच होतं. पोरांच्या लेखी बालवाडीत जो कोणी समोर उभा राहतो तो बाई. त्यामुळं मीही बाईच. दारातून आत येतात आणि माझ्या मिशांकडं बघत ‘नमस्ते बाई’ म्हणतात. तू घालून दिलेलं सगळं मी चालू ठेवलं आहे. आल्याबरोबर आरशापुढं उभं राहायचं, तोंड बघायचं, आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. मग दात, मग नखं, मग केसांत अडकलेला मागाचा कापूस काढायचा. नळाला जाळीत साबण बांधलेला आहे, तो दर आठवड्याला नवा लागतो, कारण हात धुण्यापेक्षा फेस करण्यात त्यांना गोडी. उसळ यल्लव्वा करते. मेथी घातली की तोंडं वाकडी होतात, तरी संपते.

तुझा तो पळून आल्यावर छातीवर हात ठेवायचा धडाही घेतला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, सगळे धापा टाकत बसले, आणि चिमणाबाईचा नातू राजवीर डोळे मोठे करून म्हणाला, “बाई, आत माग चाललाय.” मग सगळ्यांनी आपापला माग तपासला. कुणाचा जोरात, कुणाचा हळू. मी त्यांना सांगितलं की हा माग झोपेतसुद्धा बंद पडत नाही, म्हणून त्याला चांगलं खायला घालायचं, पळवायचं आणि वेळेवर निजवायचं. तू काय सांगतेस मला माहीत नाही, मला हे सुचलं. नंतर राजवीरला माझाही माग ऐकायचा होता. तो मांडीवर चढला आणि माझ्या सदऱ्याला कान लावून बराच वेळ बसला. बाळाबाई, तू गेल्यापासून इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. मी त्याला उतर म्हणालो नाही.

तिथूनच माझं चुकत गेलं. तुझा नियम यल्लव्वानं मला पहिल्याच दिवशी सांगितला होता: माझं मी. पोराला जे स्वतः करता येतं ते मोठ्यानं करायचं नाही. बटण असो, चप्पल असो, घास असो. पण त्या दिवशी राजवीर जेवायला बसला आणि माझ्याकडं तोंड उघडून बघू लागला. मी एक घास भरवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या दोघांनी तोंडं उघडली. पुढं मी ताटल्यांच्या रांगेतून चिमणीच्या पिलांना चारा घालत फिरावं तसा फिरायला लागलो. बटणं लावायला लागलो, नाकं पुसायला लागलो, चपला पायांत घालायला लागलो. यल्लव्वा बघायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची. मला मात्र दुपार कधी झाली ते कळायचं नाही. सकाळी उठून जायला ठिकाण होतं आणि तिथं मी गेल्याशिवाय कुणाचं तरी अडत होतं.

मग एक दिवस चिमणाबाई शेताची वाट सोडून तडक बालवाडीत आली. तिची सून सकाळपाळीला मागावर जाते आणि ही स्वतः शेतात भांगलणीला, तुला ठाऊक आहे. घरी ताट झाकून ठेवलेलं असतं, पोरगं आपलं आपण खातं, म्हणजे खात होतं. आता ते कुणी भरवेपर्यंत ताटाला हात लावत नाही, संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहतं. सगळ्या पोरांसमोर ती मला म्हणाली, “दिवाणजी, बाळाबाईनं माझ्या पोराला हातानं खायला शिकवलंतं. तुमी त्याला परत पाळण्यात घातलासा.” मी काहीतरी बोलायला गेलो, की लहान आहे, लाडानं होतं. ती म्हणाली, लाड करायला तिच्याजवळ वेळ असता तर तिनं पोराला इथं पाठवलंच नसतं. ती गेल्यावर यल्लव्वानं राहिलेलं बोलून घेतलं. “पोरांस्नी हात हाईत की दिवाणजी. घर तुमचं रिकामं हाय, म्हणून तुमी भरवताय.”

मला राग आला. घरी येताना मनात तिला उत्तरं देत आलो. दार उघडलं तर ओट्यावर रोजच्यासारखं ताट झाकलेलं होतं. जाताना तू शेजारच्या बनाबाईला सांगून गेली होतीस, ती रोज न चुकता आणून ठेवते. मी हातपाय धुतले, ताटापुढं बसलो आणि बसूनच राहिलो. राजवीर निदान चार वर्षांचा आहे.

दुसऱ्या दिवशी बनाबाईला ताट बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, काय चुकलं का माझं? तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. पहिली भाकरी तव्यावरच मोडली, दुसरी एका बाजूनं कच्ची राहिली. बालवाडीत पोरांना मी सांगून टाकलं की आजपासून बाईसुद्धा तुमच्याबरोबर शिकणार. आता आरशापुढं नाव सांगून झालं की प्रत्येकानं घरी आपलं आपण काय केलं ते सांगायचं, आणि शेवटी माझा नंबर. कुणी चड्डी घातलेली असते, कुणी दात घासलेले असतात. मी म्हणालो, मी भाकरी केली. राजवीरनं विचारलं, “एकट्यानंच व्हय?” मी म्हणालो, हो, एकट्यानंच. त्यानं मान डोलावली आणि त्या दिवशी उसळीच्या ताटलीला स्वतः हात घातला. चार घास खाल्ले, बाकी सांडली. चिमणाबाई अजून माझ्याशी बोलत नाही, पण पोरगं आता उपाशी राहत नाही.

आता माझी भाकरी फुगते. आमटी तुझ्यासारखी होत नाही, पण होते. परवा तांदूळ निवडताना तुझं ते बालवाडीचं कोल्हापूरचं ट्रेनिंग आठवलं. बाकीच्या बायका तिथंच मुक्कामाला होत्या, रात्री गाणी म्हणायच्या, आणि तू मात्र रोज शेवटची एसटी धरून यायचीस. दारातूनच विचारायचीस, भूक लागली असेल ना? तुझ्या बहिणीच्या लेकीच्या हळदीतूनही तू अशीच उठून आली होतीस. त्या हळदीत कोण कोण आलं होतं, काय काय झालं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. आल्या आल्या पीठ मळायला घेतलंस, आणि मग ते राहूनच गेलं.

म्हणून हे पत्र. जयंतीच्या आत येऊ नकोस. दीक्षाला कामावर रुजू होऊ दे. सातव्या महिन्यात झालेलं पोर आहे, सार्थकच्या अंगावर जरा मांस चढू दे. तोही तुझ्या हाताखाली ‘माझं मी’ शिकायला लागेलच. मंडळाला मी सांगून आलो आहे की जूननंतरही लागलं तरी मी आहे. माझ्या जेवणाचे हाल होत नाहीत. हे वाचून तुला वाटेल की आता यांचं आपल्यावाचून चालतं. जेवण चालतं, बाळाबाई. तेवढंच चालतं. मागांचा आवाज गल्लीत दिवसरात्र असतो, तरी घरात शिरलं की कान वाजतात इतकं सामसूम. पण ती सामसूम मोडण्यासाठी तुला नातवापासून उठवून आणावं, असं मला वाटत नाही. आजवर तू जिथून जिथून परत आलीस ती माझ्या भाकरीसाठी आलीस. या वेळी तसं येऊ नकोस. तुझं तिथलं मन भरलं आणि इथं यावंसं वाटलं, की त्या दिवशी गाडीत बस. आल्यावर ओट्याकडं जायचं नाही. ताट मी वाढीन. तू नुसती बसायला ये.

घाई नाही. वाट मात्र बघतो आहे.

तुझाच,
कृष्णात