सिग्नल कुल्फी

बेळ्ळंदूर, बंगळूर
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय मुग्धा,

तू मल्हारला घेऊन पुण्याला माहेरी गेल्यापासून तुझे तीन मेसेज आले, दोनदा फोन येऊन गेला, आणि मी गप्प राहिले. माफ कर. तब्येत, कामं, पाहुणे, यांतलं काही कारण म्हणून लिहिणार नाही, कारण त्यातलं एकही खरं नाही. कागदावर लिहितेय, कारण मेसेज पाठवल्यावरसुद्धा पुसता येतो आणि माझा माझ्यावर तेवढा भरवसा उरलेला नाही.

तुझ्या शेवटच्या मेसेजमध्ये मल्हारची खबर होती. उजवा हात तसाच आहे, शब्द शोधताना तो चिडतो आणि मग बोलायचंच सोडून देतो, आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आता ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणणंही थांबवलंय. त्याच्या खाली एकच ओळ होती: यशोवर्धन बाप असून गोळी विसरला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती ओळ मी माझ्या वहीत उतरवून घेतली. माझी सवय तुला ठाऊक आहे. ‘अंबुजाअक्का, तू दुधाच्या पिशव्यांचासुद्धा इतिहास लिहिशील,’ असं तू म्हणायचीस, आणि माझ्या मराठीला ‘सोप्पू घातलेलं वरण’ म्हणायचीस. बंगळुरात चारशे वर्षं काढलेल्या आमच्या घरात पालेभाजीचं सोप्पूच झालंय, त्याला मी काय करू, असं मी म्हणायचे. तुमच्या पुण्याच्या मराठीला मीही काही कमी बोलले नाही. ते दिवस तीन महिन्यांपूर्वीचे आहेत, यावर विश्वास बसत नाही.

वहीत ७ एप्रिलची नोंद आहे. शाळांना सुट्टी लागली होती, आणि आपल्या टॉवरमधल्या सगळ्या आयांचं गाऱ्हाणं एकच: मुलं पालेभाजीला हात लावत नाहीत. मी अकरा वर्षं कॉलेजात गृहविज्ञान शिकवलेली बाई. मला वाटलं, हे तर माझं काम. पालक उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा, म्हणजे रंग टिकतो. त्यात मूठभर नुग्गे सोप्पू, म्हणजे तुमचा शेवग्याचा पाला. पिकलेली छोटी एलक्की केळी, नारळाचं दूध, दोन खजूर. मिक्सरमधून काढून पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं, जिभेला रेषा लागता कामा नये. साच्यात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी चार वाजता पहिली सहा मुलं आली आणि दहा मिनिटांत नुसत्या काड्या उरल्या. त्या हिरव्यागार रंगावरून त्यांनीच नाव ठेवलं, सिग्नल कुल्फी. रिंग रोडवरचा सिग्नल कधी हिरवा होत नाही, हा तरी होतो, असं कुणीतरी म्हणालं. मला वाटतं, मल्हारच म्हणाला. वहीत तसं लिहिलेलं नाही, म्हणून खात्रीनं सांगत नाही.

आता जे लिहायचंय ते. पहिल्याच दिवशी तू त्याला न्यायला आलीस, आणि बाकी कुणी विचारलं नव्हतं ते तू विचारलंस: ‘अक्का, यात काय काय आहे गं?’ मुलं समोर होती. मी म्हटलं, ‘किवी आणि केळं.’ तुला नंतर बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, तुझ्या तोंडून निसटेल आणि सगळा बेत फसेल; सुट्टी संपताना सगळ्या आयांना एकदम सांगावं. स्वल्प थांबावं, एवढंच. खरं सांगायचं तर त्या वेळी मला माझ्या हुशारीची चव लागली होती, ती मोडवेना.

मल्हारनं स्वतःसुद्धा सांगितलं होतं. एका दुपारी मी पालक निवडत होते, तो लवकर आला आणि ओट्याला टेकून म्हणाला, ‘आमच्याकडे ही भाजी वाटीनं मोजून असते. आई जास्त देतच नाही.’ सात वर्षांचं पोर आईच्या नावानं भाजी चुकवतंय, असं समजून मी हसले. अशी कुठली आई असते, असंही वाटलं. आणि त्याला त्या दिवशी दोन कुल्फ्या दिल्या. पुढे रोजच दोन. वही सांगते: ८ एप्रिल ते ८ मे, मल्हारच्या एक्केचाळीस.

९ मेला सकाळी त्याच्या हातातून दात घासायचा ब्रश पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. अँब्युलन्समध्ये मी तुझ्याबरोबर होते. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर तू मला पहिल्यांदा सांगितलंस, की त्याच्या हृदयात दोन वर्षांपासून कृत्रिम झडप आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला रोज लागते. आधीच्या सोसायटीत हे कळलं, तेव्हा आयांनी त्याला खेळायला घेणंच बंद केलं, म्हणून इथे कुणाला सांगितलं नाहीस. मग डॉक्टर आले. रक्त इतकं अचानक घट्ट कसं झालं, गोळी चुकली का, खाण्यात काही बदल झाला का, असं त्यांनी विचारलं. तू छातीठोकपणे म्हणालीस, खाण्यात काही बदल नाही, मी वाटीनं मोजते. आणि यशोवर्धनकडे बघितलंस, कारण संध्याकाळची गोळी तो द्यायचा. मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते.

मला तेव्हा कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. त्या दिवसाच्या नोंदीत शेवटी एकच शब्द आहे, ‘पालक’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे कळलं होतं. पुढचे चार दिवस वही कोरी आहे. जूनमध्ये जयनगरच्या आमच्या जुन्या घरी जाऊन माझं जुनं पुस्तक काढलं. पालेभाज्या अचानक वाढल्या तर या गोळीचा असर उतरतो, रक्तात गुठळी होऊ शकते, हे वाक्य तिथे आहे, आणि त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ माझ्याच हातची आहे. मी हे मुलींना शिकवलेलं आहे. त्याच्या झडपेचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण तू मला सरळ विचारलं होतंस, आणि खरं उत्तर मिळालं असतं तर तू तिथल्या तिथे त्याच्या हातातून काडी काढून घेतली असतीस. कुल्फीनंच झालं, असं डॉक्टरसुद्धा कदाचित शपथेवर सांगणार नाहीत. या वाक्याच्या आडोशाला मी नऊ आठवडे बसले.

हे लिहून मल्हारचा हात परत येणार नाही. तुझी माफीही मागत नाही. मागितली तर तुला त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. आज लिहायला बसले, कारण सकाळी जिन्यात यशोवर्धन भेटला. दाढी वाढलेली, हातात गोळ्यांची रिकामी पाकिटं. म्हणाला, ‘अक्का, मी पन्नास वेळा मोजली. हिशोब बरोबर येतो. पण मुग्धा म्हणते विसरलास, म्हणजे विसरलोच असेन. डोकंच चालत नाही माझं.’ बुधवारी तो पुण्याला येतोय. तुझ्या आईवडिलांसमोर चूक कबूल करणार, आणि तू पाठवलेल्या वेगळं होण्याच्या कागदांवर सही करणार. मुग्धा, त्यानं एकही गोळी चुकवली नाही. त्याला जी शिक्षा चालली आहे ती माझी आहे. तुझ्या डॉक्टरांना द्यायला तारखा, पाककृती आणि पाल्याचं वजन वहीतून उतरवून पत्राला जोडलंय. तू यापुढे माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल. सही होऊ देऊ नकोस.

तुझी म्हणवून घ्यायला न धजणारी,
अंबुजा

वहीतली नोंद, १२ जुलै. उद्या, रविवार: सकाळी आठव्या मजल्यावर जाऊन मुग्धाला लिहिलेलं हे पत्र पाकीट न चिकटवता यशोवर्धनच्या हातात देणे, आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथेच उभं राहणे.