टोलगेट, मी आणि तो मेंढपाळ

३ जून १९७९, रविवार. सकाळ
आजपासून टोलगेटचं नाव काढायचं नाही. विषय बंद. तो बँड सोडून सहा वर्षं झाली. मी सोडला, मला काढलं नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो. मी आता स्वतंत्र कलावंत आहे. मागे वळून बघायचं नाही.

संध्याकाळी
रेडिओवर टोलगेट. डॉरीनने मुद्दाम आवाज मोठा केला. सख्खी बहीण आहे, पण वागणं वैरिणीचं. लावलं काय होतं, तर 'बर्फातलं फाटक'. माझं गाणं! आणि गिटारवर तो केव्हिन, माझ्या जागी आलेला. पोरगा गिटार वाजवतो की केस विंचरतो, काही कळत नाही. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, यॉर्कशरच्या डोंगरातलं हे शेकडो वर्षांपूर्वीचं लोकगीत. शेकडो वर्षं! अरे, अडुसष्ट साली ब्रॅडफर्डच्या बस स्टँडवर बसून लिहिलंय मी ते. पुढ्यात चहाचा कप होता, तो गार होईपर्यंत लिहीत होतो. डॉरीन म्हणाली, केव्हिन बरा वाजवतो की रे. जेवलो नाही. मग जेवलो.

९ जून, शनिवार
हॅलिफॅक्सचा फोक क्लब, म्हणजे लोकगीतवाल्यांचा अड्डा, पबच्या माडीवर. संयोजकाने ओळख करून दिली, 'टोलगेटचे नेव्हिल हॅरॉप'. निदान 'टोलगेटचे माजी' तरी म्हणायचं! माझ्या दोन सोलो रेकॉर्ड्सचा उल्लेखसुद्धा नाही. नवी गाणी गायलो तेव्हा अर्धे लोक बिअर आणायला खाली उतरले. मध्यंतरातल्या सोडतीला मात्र सगळे हजर. बक्षीस म्हणून मांसाचं सारण भरलेला पोर्क पाय. त्या पोर्क पायला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.
शेवटी नाइलाजाने 'फाटक' गायलो. तिसऱ्या कडव्यात मी हल्ली 'माणसं घरी गेली' असं म्हणतो, कारण मुळात मी तसंच लिहिलं होतं. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला कानामागचा हात काढून उठला. म्हणाला, मित्रा, 'मेंढरं घरी गेली' असं आहे ते. टोलगेटची रेकॉर्ड ऐक. जुन्या गाण्यात आपण आपलं शहाणपण घुसडू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला! माझ्याच गाण्यात! तळपायाची आग मस्तकात गेली, पण कलावंताला संयम ठेवावा लागतो. त्याच्या बिअरला धक्का लागला तो चुकून.

१८ जून, सोमवार
अखेर न्याय! लंडनहून फोन आला. फिलिपा नावाच्या बाई आहेत, एका संगीत मासिकात लिहितात. मोठा लेख करतायत, एका बाजूला टोलगेट, दुसऱ्या बाजूला मी एकटा. कोण वरचढ? त्यांनी असं शब्दांत म्हटलं नाही, पण बाई सुजाण वाटल्या. पुढच्या आठवड्यात घरी येतायत.
निश्चय: शांतपणे बोलायचं. कुणावर टीका नाही. केव्हिनच्या केसांबद्दल एक अक्षर नाही. आणि गाण्याचं खरं काय ते सांगून टाकायचं. एकदाचं.

२७ जून, बुधवार
मुलाखत झाली. सगळ्याचं वाटोळं डॉरीनच्या आंबटढोण रुबार्बच्या पुडिंगने केलं.
आधी मेंढपाळाची भानगड लिहितो, म्हणजे माझी बाजू स्वच्छ राहील. अडुसष्टमध्ये फोक क्लबात स्वतः रचलेलं गाणं म्हणायची सोय नव्हती. 'हे मी लिहिलंय' म्हटलं की लोक पाठ फिरवायचे. म्हणून मी एकदा स्टेजवर म्हणालो, हे गाणं मला थॉर्नबेक गावच्या एनॉक विडप नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने दिलं. क्लबात कुणी जागचं हललं नाही. पुढच्या वेळी मी त्याला एक कुत्रा दिला. त्यानंतर एक डोळा अधू केला. रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर छापलं, 'पारंपरिक, एनॉक विडपकडून मिळालेलं'. यात माझं काय चुकलं? फसवले गेले ते लोकच भाबडे.
तर फिलिपाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, एनॉक कसे होते हो? मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात डॉरीनने पुडिंग पुढे केलं. तोंडात गरम घास, आणि समोर एनॉकच्या नुसत्या नावाने बाईंच्या डोळ्यांत पाणी. घास गिळून झाला तोवर मी सांगत सांगत एनॉकच्या कुत्र्यापर्यंत पोचलो होतो. मग थांबताच येईना. एनॉक माळावरच्या दगडी गडग्यावर बसून गायचा, हे सांगितलं. मरताना माझा हात धरून म्हणाला, नेव्ह, गाणं सांभाळ, हेही सांगितलं. हे आज नवीनच सुचलं. चांगलं आहे.
बाई गेल्यावर डॉरीन म्हणाली, त्या कुत्र्याचं नाव मागच्या वेळी वेगळं होतं. उद्या फोन करून सगळं सरळ करतो.

२८ जून
फोन केला. एंगेज होता. प्रामाणिक माणसाने किती वेळा प्रयत्न करायचा?

५ जुलै, गुरुवार
नामी युक्ती सुचली. साक्षीदार! टोलगेटची गायिका मॉरीन. ते गाणं मी लिहिलं हे तिला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी बस स्टँडवर मी तिचीच वाट बघत होतो. ती आलीच नाही. पुढच्या वर्षी तिने ड्रमरशी लग्न केलं. असो. तो विषय माझ्यासाठी संपलेला आहे.
ओटलीला तिच्या घरी गेलो. परसात मटार सोलत बसली होती. म्हटलं, फिलिपाबाईंना सांग, गाणं नेव्हचं आहे. ती म्हणाली, सांगते की, आत्ता फोन लावते. पण मग तेव्हा मी कानीकपाळी ओरडत होते, रेकॉर्डवर तुझं नाव घाल म्हणून, त्याचं काय? तूच म्हणालास, हॅरॉपचं गाणं कुत्रं ऐकणार नाही, मेंढपाळाचं सगळे ऐकतील. आणि मेंढपाळ शोभावा म्हणून 'माणसं'ची 'मेंढरं' कुणी केली रे? मी केली?
संताप संताप झाला. मॉरीन खोटं बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. म्हटलं, काही गरज नाही तुझ्या मदतीची, माझं मी बघून घेईन. तिच्या फाटकातून ताडताड बाहेर पडलो. टोपी आतच राहिली म्हणून परत गेलो. तिने टोपीबरोबर मटारही दिले.

१ ऑगस्ट, बुधवार
लेख आला. दोनदा वाचला.
बाई लिहितात, हॅरॉपशिवाय टोलगेट नेटकं वाजतं, पण त्यात धग नाही. टोलगेटशिवाय हॅरॉपमध्ये धग भरपूर आहे, पण शेजारी बसवत नाही. इथवर ठीक आहे, धग माझ्याकडे निघाली! पण पुढे? म्हणे, दोघांच्या हातून एकच अमर गोष्ट लोकांपर्यंत पोचली, आणि ती दोघांचीही नाही. खरा प्रतिभावंत तो प्रसिद्धीपासून लांब राहिलेला मेंढपाळ. त्याच्या एका गाण्यापुढे टोलगेटच्या चार रेकॉर्ड्स आणि हॅरॉपच्या दोन्ही फिक्या आहेत.
म्हणजे मी हरलो! टोलगेटशी हरलो असतो तर समजू शकलो असतो. पण मी एनॉकशी हरलो! ज्याला मी जन्माला घातलं, कुत्रा दिला, डोळा अधू केला!
डॉरीन लेख वाचून म्हणाली, म्हणजे एका अर्थी तूच जिंकलास की. मी दार आपटलं. दाराची कडी निघाली.

४ ऑगस्ट
मासिकाला फोन केला. लागला. फिलिपाबाईंना स्पष्ट सांगितलं, एनॉक नव्हताच, गाणं माझं आहे. बाई अगदी मायेने म्हणाल्या, मिस्टर हॅरॉप, गेलेल्या माणसावर कशाला जळायचं? त्यांनी तुमच्यावर किती विश्वास टाकला होता, मरताना हात धरला होता तुमचा.
कपाळ!

२० ऑगस्ट, सोमवार
थॉर्नबेकहून निमंत्रण. मेंढ्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी तिथल्या माळावर एनॉक विडपच्या स्मरणार्थ बाक बसवतायत. टोलगेट येणार, मीही गावं अशी विनंती. समितीचे म्हातारे मिस्टर मेटकाफ फोनवर म्हणाले, आम्हाला एनॉक चांगला आठवतो. माझ्या वडिलांनी त्याच्याकडून कुत्रा घेतला होता. जरा चावरा निघाला.
चावरा! आता गावालाच तो आठवायला लागलाय!
ठरलं. शेकडो लोकांसमोर, टोलगेटसमोर, माइकवरून सत्य सांगायचं. भाषण पाठ केलं. डॉरीनला म्हणून दाखवलं. म्हणाली, शेवटी जरा कमी ओरड, मेंढ्या बिथरतील.

८ सप्टेंबर, शनिवार
परत आलो. जमेल तेवढं लिहितो.
माळावर तुफान वारा. बाक फाटकाशेजारी ठेवलाय, छान ओकचा. पाटीवर एनॉकचं नाव. खाली, 'टोलगेटकडून सप्रेम'. माझं नाव नाही. मेटकाफनी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या. शेतकरी, बायाबापड्या, बक्षिसाचा मेंढा धरून उभा असलेला एक लठ्ठ माणूस, सगळे. इतका आदर मला आयुष्यात कुणी दाखवला नाही, आणि तो दाखवत होते एका नसलेल्या माणसाला. डोकं फिरलं. मी माइक धरला. मॉरीन माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, म्हणजे बोल, मी आहे.
भाषण सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, हे गाणं मी लिहिलंय.
कुणी हसलं नाही. चिडलंही नाही. मॉरीन पुढे आली, म्हणाली, खरं आहे, यानेच लिहिलंय. तर मेटकाफ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असंच वाटतं रे बाबा. आमची ही गेली ना, तेव्हापासून मलाही वाटतं, मीच लिहिलंय. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजवल्या की त्यांच्यासाठी, ते कळलं नाही.
मग टोलगेटने सुरुवात केली. मीही वाजवलं, केव्हिनच्या शेजारी उभा राहून. चार सूर झाले नाहीत तोच सगळा माळ गायला लागला. गिटार कुणालाच ऐकू येईना. ना त्याची, ना माझी. तिसऱ्या कडव्यात मी 'माणसं' म्हणालो. बाकी सगळे 'मेंढरं' म्हणाले. आणि ते जास्त बरं वाटलं, हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.
सगळं आटोपल्यावर जाऊन त्या बाकावर बसलो. एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली. विचारलं, तुम्ही ओळखत होता ना त्यांना? स्वभावाने कसे होते?
म्हटलं, रागीट होता. फार रागीट.
ती म्हणाली, असतील. पण गाण्यावरून नाही हो वाटत. गाण्यावरून वाटतं, कुणाची तरी वाट बघत बसले होते बिचारे, आणि ते माणूस काही आलं नाही.
मॉरीन मागे उभी होती, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे. एक कप मला दिला आणि शेजारी बसली. 
चहा गार झाला होता. प्यायलो.