अप्पांच्या दुकानातली पोर्ट

४ नोव्हेंबर
सहा बाटल्या! अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लातुरातलं जुनं औषधाचं दुकान रिकामं केलं, त्यात निघाल्या. पोर्ट वाईन. त्यांचे वडील बाळंतिणींना द्यायचे म्हणे. आमच्या लिंगायत घरात दारूचं नाव निघत नाही, पण टॉनिक चालतं!

मी लांबूनच बघत राहिले. हात शिवशिवत होते. लग्नाआधी चार वर्षं नाशिकला हेच काम — वाईन चाखायची, दर्जा ठरवायचा. नवऱ्यानं, रुद्रेशनं, लग्न ठरतानाच बजावलं होतं, ज्यूसचा कारखाना सांगायचा. अप्पांना कळलं तर घरात ठेवणार नाहीत म्हणाला. दोन वर्षं झाली, ज्यूस आणि ज्यूस.

६ नोव्हेंबर
नाशिकहून फोन. तुझी जुनी नोकरीची जागा रिकामी झालीय, येणार का ते पंधरा तारखेपर्यंत कळव. काय कळवू, डोंबल!

८ नोव्हेंबर
हैदराबादचा जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. बाटल्या हलवून बघत होता — हलवतात का अशा! तळाला गाळ आहे, सगळ्या खराब, काचेच्या भावात नेतो म्हणाला. लबाड! मुरलेल्या पोर्टला गाळ असतोच. दोन बाटल्यांत वाईन बाटलीच्या खांद्याखाली उतरलीय, बूच ओलं. त्या वाया गेल्या. पण चार गळ्यापर्यंत भरलेल्या, सील शाबूत. लई मोलाच्या आहेत.

मी चहा ठेवून आत आले. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

९ नोव्हेंबर
संपलं. अव्वा, म्हणजे सासूबाई, बाटल्या राखेनं घासायला बसल्या. प्रत्येकीवर विभूतीसारखा पांढरा पट्टा आहे. तो मुद्दाम मारतात — बाटली आडवी ठेवताना वरची बाजू कळावी, गाळ एकाच अंगाला राहावा म्हणून. अव्वांना वाटलं चुन्याचा डाग. "अव्वा, तो पुसू नका!" ओरडलेच मी.

अप्पा दारात उभे. मग लपवणार काय? पट्टा, गाळ, व्यापाऱ्याची लबाडी, नाशिक — सगळं सांगून टाकलं. अप्पा तडक बाहेर गेले. रुद्रेश माझ्याकडं बघेना. आता माहेरी पाठवतात बहुतेक.

१० नोव्हेंबर
सकाळी अप्पांनी व्यापाऱ्याला नकार कळवला. मग मला समोर बसवलं.

"नाशिकचं मला लग्नाआधीच ठाऊक हाय. सोयरीक करताना चौकशी केली होती. काम का सोडलं म्हणून रुद्रेशला विचारलं, तर म्हणला, तिलाच त्याची लाज वाटते, तिच्यापुढं विषय काढू नका."

मी नाशिकला फोन लावला, येते म्हणून कळवलं. रुद्रेश समोरच बसलेला होता.