हाताळणी शुल्क

सोमवार, ३ मार्च

घटना आधी क्रमाने नोंदवते, राग नंतर.

एक. गेल्या गुरुवारी मी मोटारीच्या शोरूममध्ये फोन केला. किंमत सांगण्यात आली – नऊ लाख चाळीस हजार, "सगळं धरून, मॅडम." दोन. आज साडेदहाला मी आणि नवरा तिथे पोहोचलो. तीन. पुढ्यात आलेल्या कागदावर एकूण रक्कम नऊ लाख अठ्ठावन्न हजार पाचशे. चार. फरकाचे कारण तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: हाताळणी शुल्क, अठरा हजार पाचशे. पाच. हे कशाचे, असे मी विचारले. सहा. विक्रेत्याने उत्तर दिले – नवऱ्याला!

"सर, ते सगळीकडेच असतं."

प्रश्न माझा, पैसे माझे, गाडी माझ्या नावावर होणार, आणि उत्तर सरांना. सर बिचारे काचेतून बाहेरची झाडे बघत होते. निघण्यापूर्वी घरी स्वच्छ ठरले होते: हा व्यवहार मी करणार, तू फक्त सोबत बसायचे. "बसतो की," असे वचनही मिळाले होते. तो बसला. पण शेजारच्या खुर्चीत पुरुष असला की या लोकांची मान आपोआप तिकडेच वळते.

एकदा लिहून ठेवते. हे पैसे आमच्या मराठी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानधन आहेत, बावीस वर्षांचे काम. वाहन परवाना चोपन्नाव्या वर्षी, दुसऱ्या खेपेस मिळाला. कार्यालय गावाबाहेर हलल्यापासून रोज दोन बसगाड्या बदलते. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठी वस्तू मी एकटी, माझ्या अक्कलहुशारीने, रास्त भावात घेणार आहे. अठरा हजारांवाचून माझे अडत नाही. पण जे मला मिळालेच नाही, त्यापोटी छदामही देणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

कार्यालयात शब्दपत्रिकांचा 'ह'चा खण उघडला. हाताळणे: १. हातात घेऊन पाहणे. २. वापरणे, चालवणे. ३. (माणसास) न दुखवता, युक्तीने आपल्या मनाजोगे वळवणे.

तिसरा अर्थ शुल्कास लागू नाही. पहिले दोन लागू असतील, तर लोकांनी हाताळलेली गाडी म्हणून किंमत कमी व्हायला हवी!

शेजारच्या टेबलावरच्या संपादकाला हे ऐकवले. त्याला आम्ही 'अर्धविराम' म्हणतो. एकही वाक्य पुरे करत नाही.

"बाई, गाडी काय स्वतःहून चालत येते? गोदामातून कुणीतरी..."

"तो खर्च छापील किमतीत धरलेला असतो."

"हो, पण तुम्ही म्हणजे ना..."

मी म्हणजे काय, ते आजही कळले नाही.

गुरुवार, ६ मार्च

एकटी गेले.

"सर नाही आले?"

"सरांना गाडी घ्यायची नाही."

"बसा ना मॅडम. चहा, कॉफी?"

"आकडा."

मग पायाखालच्या मॅट फुकट. मग आरशाला टांगायची वासाची कुपी फुकट. मी म्हटले, मला गाडी हवी आहे, देवघर नको. शेवटी "वरती विचारून येतो" म्हणून तो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. केबिन काचेची आहे, हे बहुधा तो विसरला. चार मिनिटे दोघे मोबाइलवर काहीतरी बघून खिदळत होते. बाहेर येताना चेहरा सुतकी.

"खूप भांडलो मॅडम तुमच्यासाठी. नाहीच म्हणतायत."

हसतमुख, गुळगुळीत, बिनशर्त खोटारडेपणा! शिव्यांची नोंद करण्यात अर्धे आयुष्य गेले. ऐनवेळी एकही तोंडात येईना.

शनिवार, ८ मार्च

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शोरूममध्ये गेले. तिथे हे शुल्क नाही, तसे सही-शिक्क्यासह लिहून घेतले. पण गाडी अकरा आठवड्यांनी. कागद मात्र हाती आला. आता बघते.

ताईचा फोन. "अगं, घासाघीस तुला जमायची नाही. तू भाजीवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारतेस आणि भाव तोच देऊन येतेस."

खरे आहे, म्हणून अधिक राग आला.

सोमवार, १० मार्च

पहिल्या शोरूमच्या मॅनेजरला पत्र. शुल्क कोणत्या कामाचे? त्याला आधार काय? फोनवर का लपवले? सोबत दुसऱ्या विक्रेत्याचा कागद. हे शुल्क वगळावे, अन्यथा मी तो कागद घेऊन ग्राहक मंचाकडे जाईन. चार वेळा लिहिले. चौथा मसुदा निर्दोष.

नवऱ्याला वाचायला दिले. "उत्तम आहे. फक्त 'लबाडी' शब्द काढ."

"शब्द अचूक आहे."

"अगं, अचूक आहे म्हणूनच काढ."

ठेवला.

बुधवार, १२ मार्च

उत्तर नाही.

गुरुवार, १३ मार्च

मॅनेजरचा फोन – लेखी उत्तर द्यायची हिंमत नाही! "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही हो. शंभर गिऱ्हाइकं येतात, देतात आणि जातात."

"मी एकशे एकावी."

"मग नका घेऊ गाडी. आमचं काही म्हणणं नाही." आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात उभी राहून एकच ताट तीनदा विसळले. रडले नाही, असे लिहिणार होते. पण खोटे लिहायला ही वही नाही.

नवरा दारात येऊन उभा. "किती ताणतेस? देऊन टाकू ना."

"देऊन टाकू? हरल्याचे पैसे भरायचे? आणि 'टाकू' म्हणजे कोण? यात तू एक पै जरी घातलीस ना, तर बघ!"

त्याने माझ्या हातातले ताट काढून घेतले, पुसले, जागेवर ठेवले. तीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काढली; समोरचे माणूस कळवळले की त्याला राहवत नाही. मला त्याची कीव नको आहे. मला माझा भाव हवा आहे.

शनिवार, १५ मार्च

शुल्क वगळले! पूर्ण! नऊ लाख चाळीस हजार, एक पैसाही वर नाही!

मॅनेजर स्वतः बोलला. "जिंकलात बुवा मॅडम तुम्ही." जिंकलात! जसा काही पत्त्यांचा डाव होता. हक्काची गोष्ट मिळाली तर तिला जिंकणे म्हणत नाहीत, असे सुनावणार होते. पण आवाज फारच आनंदी निघेल अशी भीती वाटली.

ताईला सांगितले. अर्धविरामला सोमवारी सांगेन. नवरा म्हणाला, "बघ, तुझ्यापुढे कोण टिकणार?" रात्री जेवताना मी पत्रातला तिसरा परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला. काम त्यानेच केले असणार. 'लबाडी'ने.

मंगळवार, १८ मार्च

गाडी ताब्यात घेतली. उत्पादनाचा महिना तपासला, चाके तपासली, मीटरवर अकरा किलोमीटर. डाव्या दारावर नखाएवढा ओरखडा होता. पॉलिश करून घालवायला लावला. मॅनेजरने किल्ली पुढे केली – नवऱ्याकडे! तरी! त्याने ती न घेता बोटाने माझ्याकडे दाखवले.

घरापर्यंत मी चालवत आणली. सिग्नलला दोनदा बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवून डोके उठवले. वाजव म्हटले, बाबा. माझी गाडी आहे.

बुधवार, १९ मार्च

गाडीची फाइल पहिल्या पानापासून वाचली. विम्याच्या कागदांत चुकून अडकलेली एक पावती. शुक्रवार, १४ मार्च. हाताळणी शुल्क, अठरा हजार पाचशे, रोख मिळाले. देणाऱ्याच्या नावापुढे नवऱ्याचे नाव. खाली पेनाने: "मॅडमना कळवू नये."

तो पलीकडच्या खोलीत शब्दकोडे सोडवतो आहे. त्याच्यासाठी खालील मजकूर पावतीला टाचून टेबलावर ठेवला. ही नक्कल.

"लग्नाच्या सत्तावीस वर्षांत मी ज्या ज्या गोष्टी जिंकले, त्यांपैकी आणखी कितींची पावती तुझ्याकडे आहे? यादी द्यावी. एकही वगळू नये. तोंडी उत्तर चालणार नाही; तुझ्या आवाजापुढे माझा राग टिकत नाही. उत्तर लेखी हवे. तारीख घालून, सहीनिशी."